दुर्मिळ आहे म्हणून मोजत नाही, मोजत नाही म्हणून दुर्मिळ

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. आणि खाली "ताई, काळजी घ्या" एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू. काळजी मी घेतेच. हा विषय माझ्या तब्येतीचा नाही, कारभाराचा आहे.

मंगळवारी दुपारी माझ्या सेवा केंद्रावर एक दादा आले. वाडीवरचे, ओळखीचे नाहीत. सोबत अकरा वर्षांची मुलगी, ऐन उन्हात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातलेली. हातात मेडिकलच्या पिशवीत कोंबलेली फाइल. म्हणाले, "ताई, पोरीचं अपंगाचं कार्ड काढायचंय. कुणीतरी सांगितलं, रक्ताच्या आजाराला आता मिळतंय म्हणून."

फाइल उघडली. पहिल्याच कागदावर तीन अक्षरं. आयटीपी. खरं तर त्या बाह्या बघूनच मला कळायला हवं होतं. सहा वर्षं माझ्या फाइलीवरही तीच तीन अक्षरं आहेत आणि भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे ब्लाउज मीही शिवून घेतले आहेत.

उत्तर मला माहीत होतं. तरी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून पोर्टल उघडलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात रक्ताचे तीन: थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल. यादी खाली सरकवली, वर सरकवली. चौथं नाव नाही.

दादा म्हणाले, "मग ह्यातलंच एखादं टाका की. ते हिमोफिलिया म्हणजे रक्त थांबत नाही तेच ना? हिचंबी थांबत नाही."

मी नाही म्हणाले. डॉक्टरांच्या बोर्डापुढे तपासणी होते, खोटं टिकत नाही, उलट अर्ज बाद होतो, हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, किती पैसे झाले विचारलं, मी काही नाही म्हटलं, आणि ते पोरीला घेऊन स्टँडकडे गेले. पण "हिचंबी थांबत नाही" हे काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट.

आधी आजार काय ते सांगते, कारण दहातले नऊ जण नाव ऐकून "म्हणजे डेंग्यूसारखं ना?" असं विचारतात. डेंग्यूसारखं नाही. आपल्या रक्तात प्लेटलेट नावाच्या पेशी असतात. कुठे खरचटलं, कापलं, आतून एखादी बारीक शीर फुटली की त्या जाऊन तिथे बूच मारतात. निरोगी माणसात त्या दीड लाख ते साडेचार लाख असतात आणि एकेक प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. आयटीपीमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच प्लेटलेटला शत्रू समजते, तिच्यावर खूण लावते, आणि प्लीहा त्या खुणावलेल्या पेशी गिळून टाकते. आठ-दहा दिवसांची पेशी काही तासांत संपते. डेंग्यूत पडलेल्या प्लेटलेट ताप उतरल्यावर आठवड्याभरात आपोआप वर येतात. आमच्या येतील याचा भरवसा नसतो. लहान मुलांमध्ये हा आजार बहुतेक वेळा काही महिन्यांत आपला आपण जातो. मोठ्यांमध्ये ठाण मांडून बसतो. त्या मुलीला दोन वर्षं झाली आहेत, म्हणजे ती त्या नशीबवान मुलांमधली नाही.

हे सगळं रक्तातच होतं हे सिद्ध कसं झालं, तो किस्सा मला पुण्याच्या ओपीडीत बाकावर बसल्या बसल्या मोबाइलवर वाचताना कळला. विल्यम हॅरिंग्टन नावाचा अमेरिकन डॉक्टर, सेंट लुईस शहरातला. १९५० साली त्याने आयटीपीच्या एका रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट कोसळल्या आणि अंगावर डाग उठले. म्हणजे रुग्णाच्या रक्तातच काहीतरी होतं जे दुसऱ्याच्याही प्लेटलेट मारत होतं. माणूस वाचला, पण थोडक्यात. हे वाचून मला वाटलं, आमच्या आजारासाठी एक जण जिवावर उदार झाला होता, आणि इकडे आम्हाला एका ड्रॉपडाऊनमध्ये जागा मिळत नाही.

आता माझी गोष्ट. इतकी वर्षं सांगितली नाही, कारण त्यात पाळीचा विषय येतो आणि आपल्याकडे तो आला की पुरुष मंडळी स्क्रोल करतात. या वेळी करू नका.

२०१९ चा उन्हाळा. दंडावर, मांड्यांवर काळेनिळे डाग यायला लागले. कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. पायांवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके, घामोळं समजून त्यावर पावडर लावत होते. शेजारच्या काकूंनी डाग बघितले आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली की नवरा मारतो. त्याने आयुष्यात माझ्यावर हात उचललेला नाही. त्या महिन्यात तो माझ्याबरोबर बाजारात यायचा बंद झाला. ही जखम कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही.

मग पाळी आली ती थांबेचना. सातवा दिवस, दहावा, चौदावा. जिना चढताना धाप लागायची. एका खासगी दवाखान्यात गेले. सोनोग्राफी झाली आणि मला सांगण्यात आलं, पिशवीला सूज आहे, दोन मुलं झालीत, आता ठेवून काय करायची? काढून टाका, कटकट मिटेल. मी पस्तीस वर्षांची होते. तारीखही ठरली.

हे कुठलं वर्ष होतं बघा. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजत होत्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऐंशी हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे आपल्या बालाघाटाच्या पट्ट्यात बाईच्या अंगावरून जास्त जायला लागलं की त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. रक्त का जातंय हे कुणी विचारायचं नाही, जिथून जातंय ते काढून टाकायचं.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासायला पाठवलं, त्यात मी वाचले. हिमोग्लोबिन सहा आणि प्लेटलेट सहा हजार. सहा लाख नाही, सहा हजार. लॅबवाल्या दादाने स्वतः फोन केला, "वहिनी, मशीन चुकलंय बहुतेक, परत रक्त द्या." मशीन कधी कधी खरंच चुकतं. नळीतल्या औषधामुळे प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि आकडा खोटा कमी येतो. त्यासाठी काचेवर थेंब पसरवून डोळ्यांनी बघावं लागतं. त्या दादाने बघितलं. गुठळ्या नव्हत्या. प्लेटलेटच नव्हत्या. त्या आकड्यावर माझ्या पोटावर सुरी चालली असती तर ही पोस्ट माझ्या नवऱ्याला लिहावी लागली असती, आणि तो काही लिहिणारा माणूस नाही.

त्या रात्री डोकं दुखत होतं म्हणून आणखी एका ठिकाणी कमरेत दुखण्याचं इंजेक्शन दिलं गेलं. कुणी दिलं त्याचं नाव घेत नाही, त्याला माहीत नव्हतं. पण प्लेटलेट नसलेल्या माणसाच्या स्नायूत सुई म्हणजे काय, ते मी पुढचे वीस दिवस कुशीवर झोपून बघितलं. नारळाएवढी काळी गाठ. आणि दुखण्यावरची ती नेहमीची औषधं उरल्यासुरल्या प्लेटलेटनाही निकामी करतात, हे मला पुण्यात कळलं. आमच्यासारख्याच्या डोकेदुखीचा अर्थ मेंदूत रक्तस्राव असाही असू शकतो. क्वचित होतो, पण झाला तर माणूस जातो. त्यामुळे आधी आकडा बघायचा असतो, मग सुई.

पुणे. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, सहा तास, मांडीवर टॉवेल घेऊन. तिथे पहिल्यांदा "हिमॅटोलॉजिस्ट" हा शब्द ऐकला. रक्ताचा डॉक्टर. आयटीपी ओळखायला एकच एक टेस्ट नसते. बाकी सगळं नाही असं ठरवत ठरवत तिथे पोचतात: कावीळ बी-सी, एचआयव्ही, थायरॉइड, ल्युपस. मग उपचार. आधी स्टिरॉइड. बऱ्याच जणांच्या प्लेटलेट त्यावर वाढतात, आणि बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी केल्या की परत पडतात. मी दुसऱ्यातली. तीन महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल, साखर वाढलेली, रात्री झोप नाही, आणि लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक बाई म्हणणार, "तब्येत छान झाली हो!"

मधे एकदा आकडा तीन हजारांवर गेला तेव्हा आयव्हीआयजी दिलं. हे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं औषध. वजनावर डोस. माझ्या पंचावन्न किलोला पाच ग्रॅमच्या अकरा बाटल्या, बाटलीला नऊ हजार. नव्व्याण्णव हजार रुपये, आणि त्याचा असर दोन-तीन आठवडे. सासूबाईंनी न मागता पाटल्या काढून दिल्या. त्याबद्दल त्या आजतागायत एक शब्द बोलल्या नाहीत, म्हणून इथे लिहिते.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या तालुक्यात साहेबांच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर होतं. चांगलं आहे, जरूर व्हावं, मी स्वतः नवऱ्याला पाठवते. पण शिबिरात दिलेल्या रक्तातला जादा प्लाझ्मा औषध कंपन्यांकडे जातो आणि त्यातूनच आयव्हीआयजीसारखी औषधं बनतात, हे किती दात्यांना माहीत आहे? देताना फुकट, बिस्किटाचा पुडा आणि सर्टिफिकेट. परत घेताना नऊ हजार. प्रक्रियेला खर्च येतो, मान्य. पण त्यातल्या काही बाटल्या ज्या जिल्ह्यातून रक्त गेलं त्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात परत याव्यात, अशी मागणी एकाही फ्लेक्सवर मी वाचलेली नाही.

आता मी रोज एल्ट्रोम्बोपॅगची गोळी घेते. ती शरीराला जास्त प्लेटलेट बनवायला लावते. याच गोळीवरून नोव्हार्टिस आणि नाट्को या कंपन्यांचं दिल्ली उच्च न्यायालयात भांडण झालं होतं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने नाट्कोच्या स्वस्त गोळीला तात्पुरती मनाई केली होती. पेटंट संपल्यावर आता बऱ्याच कंपन्या ती बनवतात, म्हणून मला परवडते. परवडते म्हणजे महिन्याला साडेसात हजार. रिकाम्या पोटी घ्यायची, आणि दूध-दही-पनीर खाल्ल्यावर चार तास घ्यायची नाही, नाहीतर कॅल्शियम तिला धरून बसतं. मी रात्री अकराला घेते, म्हणून संध्याकाळी सातनंतर माझ्या घरी मला चहा नाही. लोहाची गोळी सकाळी, कारण तीही हिच्या आसपास चालत नाही. माझा आकडा सध्या साठ ते ऐंशी हजारांत असतो आणि त्यात मी झकास जगते. केंद्र चालवते, गाडी चालवते. थकवा मात्र असतो, आणि तो आळस नाही.

आता कारभाराकडे येते. मी अकरा वर्षं लोकांचे फॉर्म भरते आहे. सरकारची मदत कशी चालते हे मला आमदारांपेक्षा जास्त माहीत आहे, कारण ते घोषणा करतात आणि मी ओटीपी टाकते. आणि मी सांगते, सगळं यादीवर चालतं.

एसटीत सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांना मोफत प्रवास आहे. उत्तम आहे. आम्ही त्या यादीत नाही. २०२३ पासून बाई म्हणून मला अर्धं तिकीट आहे, रुग्ण म्हणून काही नाही. त्या दादांना दर महिन्याला पुण्याला जाऊन यायचं पूर्ण तिकीट पडतं, वर त्या दिवसाची मजुरी बुडते.

महात्मा फुले योजना आता सगळ्यांसाठी, पाच लाखांपर्यंत. पण ती योजना खाटेला बांधलेली आहे. दाखल झालात तर पॅकेज. घरी बसून रोज एक गोळी खाऊन जो माणूस दाखल होण्यापासून वाचतो, त्याच्या गोळीला पॅकेज नाही. म्हणजे मी गोळी बंद करून, रक्त वाहू देऊन, आयसीयूत गेले तर सरकार लाखभर खर्च करायला तयार. तेच टाळण्यासाठी साडेसात हजार द्यायला तयार नाही. हा कुठला हिशोब? मुख्यमंत्री सहायता निधीलाही आजारांची यादी आहे आणि पैसे दवाखान्याच्या बिलावरच मिळतात. गोष्ट तीच.

आणि सगळ्यांत मोठी यादी. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण आलं. पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा रुग्णामागे ५० लाखांपर्यंत नेली. मुंबईचं केईएम हे त्याचं एक केंद्र आहे. यादीत गोशे आहे, पोम्पे आहे, स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी आहे. त्या लेकरांना मिळायलाच हवं, कमीच मिळतंय. पण यादी बघितलीत तर बहुतेक सगळे आजार जन्मतःच रक्तामांसात लिहून आलेले. आमच्यासारखे, ज्यांचं शरीर पस्तिसाव्या वर्षी एका सकाळी स्वतःवर उलटलं, ते नाहीत. अमेरिकेत दोन लाखांहून कमी रुग्ण असतील तर आजार दुर्मिळ. युरोपात दहा हजारांत पाचांहून जास्त नसतील तर दुर्मिळ. आपल्या धोरणात आकड्याची व्याख्याच नाही, आणि कारण धोरणातच लिहिलं आहे: पुरेशी माहिती नाही.

इथे माझं डोकं फिरतं. माहिती का नाही? कारण मोजत नाही. का मोजत नाही? कारण दुर्मिळ. आपल्या भागात किती बायकांची पिशवी प्लेटलेट न मोजता काढली? कुणाला माहीत? किती जण "अचानक मेंदूत रक्तस्राव" म्हणून गेले, ज्यांच्या पायांवर महिनाभर लाल ठिपके होते? त्यांच्या दाखल्यावर आयटीपी लिहिलेलं नसणार. ज्याचं निदान झालं नाही तो कुठल्याच आकड्यात येत नाही, आणि आकड्यात नाही म्हणून निदानाची सोय नाही.

परवा आपल्याच ग्रुपवर एका जाणत्या माणसाने मला लिहिलं, "ताई, भावना समजतात, पण इथे टीबीला औषध पुरत नाही, सर्पदंशाला लस नसते, बाळंतिणी रस्त्यात बाळंत होतात. चार-दोन रुग्णांसाठी शासनाने किती करायचं?"

दादा, तुमचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पैसा मर्यादित आहे हे खरं आहे. पण आधी "चार-दोन" तपासू. बाहेरच्या देशांतल्या अंदाजाप्रमाणे मोठ्या माणसांत वर्षाला लाखात तीनेक नवे रुग्ण होतात. सोळा-सतरा लाखांच्या जिल्ह्यात हे पन्नासच्या आसपास जातं, आणि हे फक्त नवे. जुने माझ्यासारखे वर्षानुवर्षं साचत जातात. आणि मी ५० लाख मागतच नाहीये. स्टिरॉइडचा पहिला चार दिवसांचा कोर्स पाचशे रुपयांच्या आत येतो. रक्त थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड बाळंतिणींसाठी सरकारी दवाखान्यात ठेवतातच. सीबीसी दोन-तीनशे रुपयांची तपासणी. जी बाई सीबीसीमुळे ऑपरेशनपासून वाचते तिला बहुतेक वेळा आयटीपी नसेलच, पण तिचा ॲनिमिया सापडेल, थायरॉइडपर्यंत कुणीतरी पोचेल. तुमच्या त्याच बाळंतिणीला याचा उपयोग आहे. तेव्हा बाळंतीण विरुद्ध मी अशी भांडणं आमच्यात लावू नका. आम्ही एकाच बाकावर बसलेल्या असतो.

हिमोफिलियावाल्यांना मिळालं आणि आम्हाला नाही, असं रडगाणंही मी गात नाही. ते लोक संघटना करून वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा मिळालं. सिकलसेलसाठी आदिवासी भागातल्या कार्यकर्त्यांनी आयुष्यं घातली, तेव्हा कुठे जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आम्ही भांडलो नाही, कारण आम्ही एकमेकांना ओळखतच नाही. मी सहा वर्षांत आपल्या तालुक्यातला दुसरा रुग्ण मंगळवारी बघितला. आणि कायद्याच्याच परिशिष्टात लिहिलंय की केंद्र सरकार अधिसूचना काढून नवे प्रकार घालू शकतं. दार बंद नाही. ठोठावणारं कुणी नाही.

माझी खरी मागणी मात्र यादीत चौथं नाव घाला एवढीच नाही. उद्या आयटीपी घातलं तर परवा ॲप्लास्टिक ॲनिमियावाला येईल, तेरवा स्वतःच्याच लाल पेशी फोडणाऱ्या आजाराचा येईल, ज्याला रक्तपेढीत जुळणारी पिशवीच सापडत नाही. त्यांना पण मी स्क्रीन फिरवून दाखवू? नाव बघू नका, माणसाचं काय होतंय ते बघा. रक्त थांबत नाही का? दर महिन्याला तपासणीला जावं लागतं का? गोळी थांबली तर जीव धोक्यात येतो का? हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा आणि त्यावर सवलत द्या.

आणि आता पपईवाल्यांसाठी. आजवर मला पपईच्या पानांचा रस, गुळवेल, किवी, ड्रॅगन फ्रूट, बकरीचं दूध आणि एका महाराजांचा अंगारा सुचवून झालेला आहे. तुमचं प्रेम कळतं. पण माझ्या शरीरात प्लेटलेट बनत नाहीत असा मूळ घोटाळा नाही, बनलेल्या मारल्या जातात असा आहे. डेंग्यूत पपईचं काय होतं तो वाद डॉक्टरांनी घालावा. मला सांगू नका, आणि मुख्य म्हणजे त्या अकरा वर्षांच्या पोरीच्या बापाला तर अजिबात सांगू नका. तो भोळा माणूस गोळी बंद करून रस सुरू करेल. अशा पोस्ट फॉरवर्ड करणाऱ्यांना मी या पुढे ब्लॉक करणार आहे, नातेवाईक धरून.

त्याचप्रमाणे "अमुक ताईंना प्लेटलेट हव्यात, अर्जंट" असा मेसेज माझ्या नावाने फिरवू नका. मागे कुणीतरी चांगल्या मनाने फिरवला होता. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही माझं शरीर तासाभरात मारून टाकतं. जीवघेणा रक्तस्राव असेल तरच डॉक्टर त्या देतात. त्या पाच दिवसच टिकतात. तुमची पिशवी ज्या कॅन्सरच्या पोराला लागू पडेल त्याला जाऊ द्या.

तर, पुढच्या महिन्यात पंचायत समितीत आमसभा आहे. आमदार असतात, सगळे अधिकारी असतात. मी निवेदन तयार केलं आहे. त्यात लिहिलंय की ग्रामीण रुग्णालयात रात्रीसुद्धा प्लेटलेटसह सीबीसी झाली पाहिजे आणि आकडा कमी आला तर काचेवर तपासून बघणारा माणूस पाहिजे. गर्भाशय काढण्याच्या कुठल्याही ऑपरेशनला, सरकारी असो की खासगी, सल्ला देण्याआधीच सीबीसी झालेली असावी आणि रिपोर्ट बाईच्या हातात असावा. पंधरा दिवसांतून एकदा रक्ताचे डॉक्टर जिल्ह्याला यावेत, प्रत्यक्ष नाही तर व्हिडिओवर. रोजच्या गोळीचा खर्च योजनेत घ्यावा. आणि एसटीच्या सवलतीसाठी आजाराचं नाव नाही तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालावं. शेवटच्या दोन गोष्टी आमसभेच्या हातात नाहीत हे मला माहीत आहे, कुणी शिकवू नये. तिथून ठराव वर जाऊ शकतो, आणि इतिवृत्तात तीन अक्षरं पहिल्यांदा येतील.

आमदारसाहेबांचे कार्यकर्ते ही पोस्ट वाचतातच. त्यांना एवढंच सांगते, हे विरोधकांनी लिहून दिलेलं नाही. विरोधकांनाही मी दोनदा भेटले आहे, ते म्हणाले, "बघू".

तुमच्या घरात, भावकीत कुणाच्या अंगावर विनाकारण काळेनिळे डाग येत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, पाळी आठ-दहा दिवसांच्या पुढे जात असेल तर आधी सीबीसी करा. मी डॉक्टर नाही, पण हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आणि कुणाला हा आजार असेल तर इथे जाहीर लिहू नका, मला मेसेज करा. नाव कुणाला सांगणार नाही, फक्त आकडा मोजणार आहे. सध्या आम्ही दोघी आहोत. त्या दादांचा नंबर रजिस्टरमध्ये होता, काल फोन केला, ते आमसभेला येतो म्हणाले.

निवेदन केंद्रावर ठेवलं आहे, सह्यांचा कागद सोबत आहे. सकाळी दहा ते दोन आणि चार ते सात. दोन ते चार मी पडते, तेव्हा शटर वाजवू नका.